युद्धकाळातली जुनी नाणी घरात सापडली तर त्यांची खरी किंमत कशी काढायची

दिवाळी जवळ आली की घरोघरी लक्ष्मीपूजनाचे चांदीचे रुपये बाहेर निघतात आणि मग मला फोटो यायला लागतात, हे बघा आजोबांचं 1942 चं नाणं, याचे किती येतील, यूट्यूबवर तर दहा लाख सांगितलंय. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतोय. दुसऱ्या महायुद्धातल्या, म्हणजे साधारण 1939 ते 45 च्या ब्रिटिश इंडियाच्या नाण्यांबद्दलच मुख्यतः लिहितो कारण आपल्याकडच्या पेट्या-डब्यांत तीच जास्त निघतात, पहिल्या महायुद्धाचंही थोडं सांगतो कारण खरा पैसा कधीकधी तिथे असतो.

आधी डोक्यातून लाखांचा आकडा काढून टाका. ज्या रील्समध्ये वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आणि ट्रॅक्टरवाली पाचची नोट लाखांना विकतात त्याच रील्समध्ये भोकाचा पैसाही लाखांना विकतात, आणि तिघांचंही खरं मोल चहा-वडापावच्या हिशोबातलं आहे. नाण्याची किंमत तीन गोष्टींवर ठरते. धातू कोणता, त्या वर्षाचं त्या टांकसाळीचं नाणं आज किती शिल्लक आहे, आणि तुमच्या हातातलं नाणं कुठल्या अवस्थेत आहे. जुनं असणं ही चौथी गोष्ट नाही हो. दोन हजार वर्षांपूर्वीचं सातवाहनांचं झिजलेलं नाणं कधीकधी 1939 च्या एका रुपयाहून कितीतरी स्वस्त मिळतं.

आता युद्धात नेमकं काय झालं ते थोडं समजून घ्या, कारण त्याशिवाय नाणी ओळखताच येत नाहीत. युद्ध सुरू झालं तसा लोकांचा नोटांवरचा विश्वास डळमळला, जो तो चांदीचे रुपये घरात दाबून ठेवायला लागला, बाजारात सुट्टे मिळेनात. सरकारने 1940 मध्ये गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं गुन्हा ठरवलं, एक रुपयाची नोट काढली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रुपयातली चांदीच कमी केली. त्याआधीच्या रुपयात 91.7 टक्के चांदी होती, 1940 पासून ती 50 टक्के झाली, बाकी 40 टक्के तांबं आणि 5-5 टक्के निकेल आणि जस्त. मग 1941 ते 43 च्या दरम्यान टप्प्याटप्प्याने राणी छाप (व्हिक्टोरियाचे), एडवर्डचे आणि शेवटी जॉर्जचे जुने पूर्ण चांदीचे रुपये चलनातून काढून घेतले आणि प्रचंड प्रमाणात वितळवले. तरीही चांदी पुरेना म्हणून अमेरिकेकडून लेंड-लीजवर, म्हणजे युद्धातल्या उसनवारीच्या योजनेत, साधारण 22 कोटी औंस चांदी उसनी आणली, आणि ती परत करायची म्हणून 1946-47 ला चांदी पूर्ण बंद करून निकेलची नाणी आली. तुमच्या डब्यातले रुपये हे या सगळ्या गडबडीचे साक्षीदार आहेत, म्हणून मला ते विकण्याआधी नीट बघावेसे वाटतात.

तर पहिलं काम, नाणी टेबलावर मऊ कपड्यावर पसरा आणि एक साधं लोहचुंबक घ्या. चांदी, तांबं, कांसं, पितळ चुंबकाला चिकटत नाही. 1947 चा वाघाचं चित्र असलेला रुपया मात्र टचकन चिकटतो कारण तो शुद्ध निकेलचा आहे, 1946 आणि 47 ची अधेली (आठ आणे) आणि पावली (चार आणे) पण तशीच. दिसायला पांढराशुभ्र असल्यामुळे कितीतरी घरांत वाघाचा रुपया चांदीचा म्हणून पिढ्यानपिढ्या जपलाय, आणि काही सोनारसुद्धा घाईत फसतात. सुंदर नाणं आहे, ब्रिटिश राजाचं डोकं असलेला आपल्याकडचा शेवटचा रुपया, जरूर ठेवा, पण चांदीच्या हिशोबात धरू नका. आणि उलट, ज्या रुपयावर 1942 लिहिलंय आणि जो चुंबकाला चिकटतो तो सरळ बनावट.

दुसरं काम वजन. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत (0.01 ग्रॅम) अचूक दाखवणारा छोटा काटा ऑनलाइन काही शेकड्यात मिळतो, तो घ्याच. रुपया 11.66 ग्रॅम, अधेली 5.83, पावली 2.92. झिजलेला असेल तर थोडं कमी भरेल, जास्त भरला किंवा अर्धा ग्रॅम एकदम कमी भरला तर संशय घ्या. आणि वजन कळलं की चांदीचा हिशोब सोपा आहे. 1939 किंवा आधीच्या रुपयात सुमारे 10.69 ग्रॅम शुद्ध चांदी, 1940 पासूनच्यात सुमारे 5.83 ग्रॅम. त्या दिवशीचा ग्रॅमचा भाव गुणायचा. समजा भाव 100 रुपये धरला तर जुना रुपया 1069 चा आणि युद्धातला 583 चा. भाव रोज बदलतो म्हणून आकडा तुम्ही तुमच्या दिवशी काढा, पण हा जो आकडा येईल ती तुमच्या नाण्याची तळाची किंमत, त्याखाली कोणालाही देऊ नका. वितळवणारा सोनार घट धरेल, ते चालतंय, पण कोणी 1944 चा रुपया आणि 1919 चा रुपया एकाच भावात मागत असेल तर जुना बाजूला काढून घ्या.

1940 हे सांध्याचं वर्ष आहे, त्या वर्षाच्या छोट्या नाण्यांबाबत अंदाज करू नका, ज्या सराफाकडे कॅरेट मोजायचं एक्सआरएफ मशीन आहे त्याच्याकडे नेऊन दोन मिनिटांत बघून घ्या, नाण्याला ओरखडाही पडत नाही. कसोटीवर घासू देऊ नका म्हणजे अजिबात देऊ नका, ती घासलेली रेघ कायमची राहते.

रुपयाची कड बघा. चांदी कमी केल्यावर नकली नाणी पाडणं सोपं झालं म्हणून सरकारने रुपयाच्या कडेला उभ्या रेघांच्या मधोमध एक गोल फिरणारी खाच आणि त्यात नक्षी टाकली, सिक्युरिटी एज म्हणतात. 1940 पासूनच्या रुपयाला ती हवी. पूर्ण चांदीच्या जुन्या रुपयांना नुसत्या उभ्या रेघा.

ही कड तुम्हाला सगळ्यात जास्त कामाला येते ती 1939 च्या रुपयाला. सहाव्या जॉर्जच्या रुपयांमध्ये हा एकच असा आहे की ज्यासाठी संग्राहक खरोखर जीव टाकतात. मुंबई टांकसाळीत पाडला, पूर्ण चांदीचा, पण लोकांच्या हातात फार कमी गेला आणि पुढे वितळवण्याच्या लाटेत जवळपास संपला. अस्सल आणि बऱ्या अवस्थेतला असेल तर लिलावात लाखाच्या घरात बोली जाते. आणि म्हणूनच याच्या नकला सर्वात जास्त आहेत, इतक्या की माझ्याकडे 1939 चा रुपया म्हणून फोटो आला की मी तो नकली धरूनच बघायला सुरुवात करतो. दोन प्रकार असतात, एक म्हणजे 1938 च्या खऱ्या रुपयाचा शेवटचा 8 कोरून 9 केलेला, आणि दुसरा साच्यात ओतलेला. पहिल्यासाठी दहापट भिंग घ्या आणि शेवटच्या आकड्याच्या आजूबाजूचा सपाट भाग तिरप्या उजेडात बघा, तिथे खरवडल्याच्या रेषा, खळगा किंवा नाण्याच्या बाकी सपाट भागापेक्षा वेगळी चमक दिसते का, आणि दोन्ही 9 एकाच हातचे वाटतात का. ओतलेल्या नाण्यावर बारीक सुईने टोचल्यासारखे खड्डे असतात, अक्षरांच्या कडा गुळगुळीत-लोण्यासारख्या दिसतात, कडेवर कधी जोडाची रेघ असते. आणि 1939 लिहिलंय पण कडेला सिक्युरिटी खाच आहे किंवा मशीनवर चांदी पन्नास टक्के आली, तर तिथेच विषय संपला. लक्षात ठेवा, 1939 ची अधेली-पावली ही वेगळी गोष्ट, ती सहज मिळते, फक्त रुपयाच दुर्मिळ आहे.

आता छोट्या नाण्यांकडे या. भोकाचा पैसा सगळ्यांना माहितीये. 1943 ला तांब्याची टंचाई झाली म्हणून मोठा पैसा बंद करून मधे मोठं भोक असलेला पातळ पैसा काढला, वजन जुन्याच्या निम्म्याहूनही कमी. लोक त्याचे वॉशर करायचे, बाळाच्या करदोट्यात ओवायचे. 1943 ते 47 पर्यंत मुंबई, कलकत्ता, लाहोर अशा टांकसाळींत आणि काही तर दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाला पाडले गेले. इतके प्रचंड पाडलेत की वापरलेला, काळा पडलेला पैसा आजही दहा-वीस-पन्नास रुपयांत बाजारात मिळतो, कोणी म्हणेल आमच्याकडे पसाभर आहेत तर ते पसाभर भोकाचे पैसेच आहेत, घबाड नाही. मात्र ज्याच्यावर अजून टांकसाळीतून निघालेली लालसर कांस्याची मूळ चमक शिल्लक आहे, डीलर त्याला रेड यूएनसी (लाल, चलनात न वापरलेलं) म्हणतात, त्याला वेगळा भाव मिळतो. मुकुटाचे दोन-तीन वेगळे आकार आहेत, टांकसाळीच्या खुणा आहेत, वर्ष गुणिले टांकसाळ गुणिले मुकुट असा सेट जमवायचा असेल तर हजार-दोन हजारात वर्षभर मजेत जातं, नवीन पोरांना मी कायम हाच सेट सुरू करायला सांगतो.

पिवळी नाणी पण अशीच. निकेल दारूगोळ्याच्या कारखान्यांना हवं होतं म्हणून 1942 ते 45 मध्ये अर्धा आणा, एक आणा आणि चवली (दोन आणे) ही पांढऱ्याऐवजी पिवळ्या निकेल-पितळेत काढली. 46-47 ला पुन्हा पांढरी. कोणी सांगितलं की हे सोन्याचं पाणी दिलेलं राजाचं खास नाणं आहे तर हसू नका, समजावून सांगा, कारण पिवळ्या चवलीला सोनं समजून हजारो रुपये घालवलेली माणसं खरंच आहेत.

टांकसाळीची खूण कशी बघायची ते सांगतो. साधारणपणे मुंबईच्या नाण्यावर वर्षाजवळ किंवा तळाच्या फुलाच्या नक्षीजवळ एक बारीक टिंब किंवा चौकट असते, कलकत्त्याच्या नाण्यावर काहीच खूण नसते, आणि लाहोरच्या नाण्यावर इंग्रजी एल अक्षर असतं. लाहोरची टांकसाळ युद्धातच, 1943 ला सुरू झाली, आणि फाळणीनंतर पाकिस्तानात गेली, त्यामुळे आपल्या चलनावर एल अक्षर जेमतेम तीन-चार वर्षंच आलं. झिजलेल्या नाण्यात त्याने फार फरक पडत नाही पण चांगल्या अवस्थेतल्या एलवाल्या नाण्याला गिऱ्हाईक पटकन मिळतं. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, मोबाईलचा मॅक्रो कॅमेरा लावा.

सुट्ट्यांच्या टंचाईत काठियावाडातल्या काही संस्थानांनी, जुनागढ, मोरवी वगैरे, नाण्यांच्या जागी चक्क पुठ्ठ्याचे छोटे कूपन चलनात आणले होते. जुन्या पुस्तकांत, वह्यांत, रॉकेलच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात कधी असा छापील तुकडा मिळाला तर कचऱ्यात टाकू नका प्लीज, एक कागदी कूपन कधीकधी अख्ख्या डब्यातल्या नाण्यांपेक्षा जास्त मोलाचं निघतं.

पहिल्या महायुद्धाचं थोडक्यात. तेव्हाही चांदीची अशीच बोंब होती, अमेरिकेने 1918 च्या पिटमन कायद्याने आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवून चांदी ब्रिटनला हिंदुस्थानासाठी विकली. त्याच टंचाईमुळे 1918 पासून चांदीच्या छोट्या चवलीऐवजी चौकोनी, तांबं-निकेलच्या मिश्रणाची चवली आली, 1919 पासून आठ कोनांची चार आण्याची आणि गोल आठ आण्याची त्याच मिश्रणाची नाणी आली. चवल्या ढिगाने मिळतात. आठ आण्याचं नाणं थोड्याच काळात बंद केलं, त्यामुळे ते सापडलं तर वेगळं ठेवा, पांढरं साधं दिसतं म्हणून कोणी लक्ष देत नाही. आणि 1918 साली मुंबईत सोन्याचं नाणंही पाडलं गेलं. एक म्हणजे घोड्यावर बसलेल्या सेंट जॉर्जचा सॉव्हरिन, त्यावर तारखेच्या वरच्या जमिनीच्या रेघेवर बारीक आय अक्षर आहे, साधारण 13 लाख पाडले. दुसरी 15 रुपयांची मोहर, वजन सॉव्हरिनएवढंच, 7.98 ग्रॅम, बावीस कॅरेट. ही मोहर नंतर खूप वितळली गेली, त्यामुळे ती सोन्याच्या भावापेक्षा बरीच वर जाते. घरातल्या जुन्या सोन्याच्या नाण्यावर 1918 दिसलं तर ते मोडीत घालायच्या आधी थांबा. सोनाराला मोडीचाच भाव माहीत असतो, त्याचा त्यात दोष नाही, पण तुमचं नुकसान मोठं होतं.

आता अवस्था. यावर मी सगळ्यात जास्त बोलतो कारण इथेच लोक स्वतःच्या हाताने पैसे घालवतात. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला चिंच, लिंबू, पितांबरी लावून लखलखीत केलेला रुपया दिसायला छान दिसतो पण संग्राहकाच्या दृष्टीने तो मेलेला असतो. नाणं पडताना साच्याच्या दाबाने धातूवर अतिबारीक रेषा उमटतात, नाणं उजेडात फिरवलं की त्यांच्यामुळेच चक्रासारखी चमक फिरते, ती एकदा घासली गेली की जगातला कोणी परत आणू शकत नाही. काळसर-निळसर-सोनेरी झाक आली असेल तर ती असू द्या, जाणकार त्यासाठी जास्त पैसे मोजतात. फारच माती बसली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवा आणि मऊ कापडाने टिपून घ्या, पुसू नका, टिपा. पूजेसाठी चार झिजलेले रुपये वेगळे काढा, हळद-कुंकू त्यांनाच लागू दे, चांगले नाणे त्या ताटात नको. आणि ज्या रुपयाला कडी डागलेली आहे, गळ्यातल्या माळेतला आहे, त्याची किंमत चांदीचीच, कडी काढायच्या भानगडीत पडू नका, आजीची माळ म्हणून तशीच ठेवा, ते जास्त बरोबर आहे.

ठेवायची पद्धत पण नीट करा, विशेषतः कोकणात आणि मुंबईत जिथे पावसाळ्यात भिंतीला पाणी सुटतं. मऊ स्वस्त प्लॅस्टिकचे अल्बम टाळा, त्या पीव्हीसीमधून काही वर्षांनी हिरवट चिकट थर सुटतो आणि तांब्या-कांस्याची नाणी खाऊन टाकतो. कडक पारदर्शक मायलारचे पाकीट किंवा पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर, सोबत सिलिका जेल, बस. नाणं धरताना कडेला धरा.

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी भागातल्या घरांत आणखी एक गोष्ट निघते. मराठा रेजिमेंटमधून आजोबा-पणजोबा इराक, इजिप्त, इटली, ब्रह्मदेशात लढून आले आणि खिशात तिथली चिल्लर घेऊन आले. इराकचे फिल्स, इजिप्तचे पियास्तर, इटलीची चुंबकाला चिकटणारी मुसोलिनीच्या काळातली नाणी, आणि जपान्यांनी ब्रह्मदेशात छापलेल्या रुपयाच्या नोटा, ज्यावर बी अक्षर असतं. सुट्या-सुट्या यांची किंमत फारशी नाही, जपानी नोटा तर पोत्यांनी छापल्या होत्या. पण तीच नाणी त्या सैनिकाची मेडलं, पे-बुक, डिस्चार्जचा कागद, पत्रं यांच्यासोबत एकत्र असतील तर तो संच म्हणून मोलाचा आहे. म्हणून सांगतो, मेडल एकाला आणि नाणी दुसऱ्याला असं तोडून विकू नका, मेडलची कड बघा, पहिल्या महायुद्धाच्या मेडलवर बहुतेक वेळा सैनिकाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. खरं तर विकूच नका असं माझं मत, पण घरच्या अडचणी ज्याच्या त्यालाच माहीत.

विकायचंच असेल तर आधी भाव बघून घ्या, तोही लोक काय मागतायत तो नव्हे, प्रत्यक्ष विकला गेलेला. कोणीही ऑनलाइन एक लाखाची जाहिरात टाकू शकतो. नावाजलेल्या लिलावघरांचे जुने निकाल त्यांच्या साइटवर उघडे असतात, त्यात तुमचं वर्ष, टांकसाळ आणि अवस्था जुळणारं नाणं शोधा. पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर मारा, नाण्यांची प्रदर्शनं भरतात तिथे जा, तीन वेगवेगळ्या डीलरना एकच नाणं दाखवून ते घ्यायला किती देतील ते विचारा, काही न विकता परत या. डीलर बाजारभावापेक्षा कमीच देणार, त्याचंही दुकान चालायचंय, पण तिघांचे आकडे ऐकले की तुम्हाला अंदाज येतो. ओळखायला शिकायचं असेल तर मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे, दोन्हीकडे पोरांना घेऊन जा, भिंगातून फोटो बघण्यापेक्षा खरी नाणी बघून डोळा लवकर तयार होतो.

फोनवर कोणी म्हणालं की तुमचं नाणं पंचवीस लाखाला घेतो फक्त आधी रजिस्ट्रेशन, जीएसटी किंवा रिझर्व्ह बँकेची फी भरा, तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने 2021 च्या ऑगस्टमध्येच जाहीर केलंय की जुन्या नाण्यांच्या आणि नोटांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि कसलंही कमिशन मागत नाही. खरा गिऱ्हाईक तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून घेत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 नंबरवर सायबर तक्रार करा, उशीर केला की रक्कम पुढे सरकते. वयस्कर माणसं यात सर्वात जास्त अडकतात, घरातल्यांना हे आत्ताच सांगून ठेवा.

कायद्याच्या दोन गोष्टी. शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. म्हणजे पहिल्या महायुद्धातला रुपया अमेरिकेतल्या भाच्याला कुरिअर करायचा नाही, त्याने मागितला तरी नाही. आणि घर पाडताना, शेत नांगरताना जमिनीत नाण्यांचं मडकं लागलं तर ते ट्रेझर ट्रोव्ह कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, परस्पर वाटून घेतलं तर गुन्हा होतो.

फोटो पाठवायचा असेल तर दोन्ही बाजू आणि कड असे तीन फोटो, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, आणि सोबत वजन लिहून पाठवा. कडेचा फोटो नसेल तर 1939 बद्दल मी काहीच सांगू शकत नाही.